लेखकाशी रेडिओवर अर्धा तास

रेडिओवर पुस्तकाची चर्चा ऐकणाऱ्या बहुतेकांनी ते पुस्तक वाचलेलं नसतं. कुणी पोळ्या लाटत असतं, कुणी बडोद्यातल्या रावपुऱ्याच्या गर्दीत गाडीत अडकलेलं असतं. त्यांना सारांशाशी फारसं देणंघेणं नसतं. एखादा पेच माणूस बोलता बोलता कसा सोडवतो हे कानाने बघायला मिळालं, तर ते रेडिओ बंद करत नाहीत. म्हणून मुलाखत घेणारा त्या न वाचलेल्या माणसाच्या बाजूने बसलेला असतो. विचार, संस्कृती, इतिहास किंवा धर्म यांवरच्या पुस्तकाच्या लेखकाशी सव्वीस-सत्तावीस मिनिटं बोलायचं, तर त्याची तयारी साधारण पंधरा ते वीस तासांची होते आणि त्यातला मोठा वाटा वाचनाचा असतो.

बडोद्यात विषयांना तोटा नाही. सयाजीराव तिसरे यांच्या काळातल्या (१८७५ ते १९३९) एकेका निर्णयावर कार्यक्रमांची मालिका होईल: १९०६ची राज्यभरची सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना, १९१०पासूनची ग्रंथालय चळवळ, १९१५चा पुरोहितांना परीक्षेची अट घालणारा कायदा, बडोदा कॉलेजातलं धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचं अध्यापन. १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ची मराठी साहित्य संमेलनं इथे भरली. स्वतःचं रेडिओ केंद्र असलेल्या मोजक्या संस्थानांत बडोदे होतं आणि १९४८च्या डिसेंबरात ते केंद्र आकाशवाणीत आलं. पण विषय चांगला म्हणून कार्यक्रम चांगला होतो असं नाही.

पुस्तक निवडताना एक कसोटी लावा. पुस्तक ज्या प्रश्नाचं उत्तर शोधतं तो प्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन, लिहिता येतो का? "सयाजीरावांच्या काळातली ग्रंथालयं" हा नुसता विषय झाला. "शाळा सक्तीच्या केल्यावर चारच वर्षांत ग्रंथालयांची गरज का भासली?" हा प्रश्न झाला. दुसरं वाक्य जमत नसेल तर ते पुस्तक परीक्षणासाठी ठेवा, रेडिओला देऊ नका. गौरवग्रंथ, सूची, वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या लेखांचे संग्रह इथेच अडखळतात. लेखसंग्रह घ्यायचाच असेल तर त्यातला एक लेख धरा.

वाचन आणि टिपण

पहिलं वाचन सलग करा, पेन्सिल हातात न घेता. दुसऱ्या वाचनात एकच कागद जवळ ठेवा आणि त्यावर फक्त पान क्रमांक आणि तीन-चार शब्द लिहा. वहीभर टिपणं काढली की ती सगळी विचारावीशी वाटतात आणि मुलाखतीची तोंडी परीक्षा होते. प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मात्र बारकाईने वाचा. कुठली दफ्तरं पाहिली, मोडी कुणी वाचून दिली, कुणाशी वाद झाला, हे तिथे असतं आणि चांगले प्रश्न बहुधा तिथूनच निघतात. शेवटी त्याच विषयावर वेगळं मत मांडणारा निदान एक लेख वाचा. एवढंही नसेल तर लेखक सांगेल ते खरं मानण्यापलीकडे तुमच्या हातात काही उरत नाही.

सनांचा घोळ आधीच निस्तरून ठेवा. जुन्या मराठी कागदांत शक असतो, गुजरातीत विक्रम संवत. चैत्र ते डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनाअखेर ७९. गुजरातचं संवत्सर कार्तिकात सुरू होतं, म्हणून कार्तिक शुद्ध प्रतिपदा ते ३१ डिसेंबर संवतातून ५७ वजा करा आणि पुढे आश्विनअखेरपर्यंत ५६. लेखकाने पुस्तकात संवत दिला असेल तर माइकसमोर इसवी सनच वापरायचा, हे आधी ठरवून घ्या. गावाच्या नावाचंही तसंच. संस्थानाबद्दल बोलताना "बडोदे" आणि आजच्या शहराबद्दल "वडोदरा" ही सोय बरी पडते. एकाच वाक्यात दोन्ही आली की बाहेरगावच्या श्रोत्याला ती दोन गावं वाटतात.

आधीचा फोन

ध्वनिमुद्रणाच्या चार-पाच दिवस आधी पंधरा मिनिटं फोनवर बोला. या फोनवर मुख्य प्रश्न विचारू नका. एकदा मनापासून दिलेलं उत्तर दुसऱ्यांदा तितक्या ताजेपणाने येत नाही आणि लेखक माइकवर "मी परवा म्हटलं तसं" अशी सुरुवात करतो. फोनवर विचारायच्या गोष्टी वेगळ्या असतात. आडनावाचा उच्चार, पुस्तकातल्या अवघड नावांचे उच्चार, पदवी लावायची की नाही, उतारा स्वतः वाचणार की निवेदकाने वाचायचा. श्रवणयंत्र आहे का, हेही विचारा, कारण त्यावर हेडफोन चढवला की बहुधा शिट्टी वाजते. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळेच्या तोंडावर बोलवू नका.

संबोधन इथेच ठरवा. बडोद्यातल्या मराठी घरांची एकमेकांशी ओळख असते आणि लेखक कुणाचे तरी काका किंवा वहिनी निघतात. घरात "काका" म्हणत असाल तरी माइकवर नाव घेऊन "तुम्ही" म्हणा, नाहीतर श्रोत्याला आपण परक्यांच्या बैठकीत शिरल्यासारखं वाटतं. "आपण" सुरू केलंत तर शेवटपर्यंत "आपण"च ठेवा. निम्म्यात "तुम्ही"वर घसरलात तर मध्येच काही बिनसलं की काय असं ऐकणाऱ्याला वाटतं.

वाचायचा उतारा अडीचशे ते तीनशे शब्दांचा, म्हणजे दोन ते अडीच मिनिटांचा असू द्या. पुस्तकातून थेट वाचायला लावू नका, पान उलटल्याचा आवाज माइक हमखास पकडतो. सोळा पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि कागदांना पिन मारू नका. कंसातला मजकूर आणि तळटीपांचे आकडे काढून टाका. चार ओळींचं वाक्य असेल तर लेखकाच्या संमतीने त्याची दोन वाक्यं करा.

खोली आणि माइक

स्टुडिओ मिळाला तर उत्तम. नसेल तर पुस्तकांची कपाटं, गादी आणि जाड पडदे असलेली लहान खोली शोधा. दिवाणखाना मोठा आणि फरशीचा असतो, तिथे आवाज घुमतो. खोलीच्या मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. मागे झणकार उरला तर भिंतीला लागून दोन गाद्या उभ्या करा आणि टेबलावर घडी घातलेली सतरंजी पसरा. टेबलावरची सतरंजी दोन कामं करते: आवाजाचं परावर्तन कमी होतं आणि लेखक बोलता बोलता बोटं आपटतो त्याचा ठोका दबतो.

पंखा बंद, एसी बंद. ट्यूबलाइटचा चोक गुणगुणत असेल तर तीही बंद. फ्रीजचं बटण बंद करताना स्कूटरची किल्ली फ्रीजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. उन्हाळ्यात पंख्याशिवाय दुपारी कुणी बसू शकत नाही, तेव्हा सकाळी सातची वेळ घ्या. नवरात्रातल्या संध्याकाळी, उत्तरायणाचे दोन दिवस आणि लग्नसराईत वरघोडा (वरात) निघण्याची वेळ सोडून द्या. गच्चीवरच्या पिपाण्या आणि डीजे संकलनात पुसता येत नाहीत, कारण ते थेट बोलण्याच्या आवाजात मिसळलेले असतात.

घरच्या खोलीत डायनॅमिक माइक कंडेन्सरपेक्षा चांगलं काम देतो. कंडेन्सर शेजारच्या घरातला कुकरही टिपतो. दोघांना दोन माइक द्या. तोंडापासून अंतर चार बोटांपासून पंजाएवढं आणि माइक थेट समोर न ठेवता थोडा तिरपा, म्हणजे "प", "फ", "भ"चा फुत्कार बाजूने निघून जातो. एका माणसाचं त्याच्या माइकपासून जेवढं अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवा. याहून जवळ आले तर दोन्हीकडे एकच आवाज किंचित मागेपुढे पोचतो आणि पोकळ, डब्यातल्यासारखा ऐकू येतो. समोरासमोर बसण्यापेक्षा टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा. डोळे भेटतात आणि लेखक वाकून बोलत नाही.

मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल, प्रत्येक माइकचा वेगळा मोनो ट्रॅक. चाळीस मिनिटांचा एक ट्रॅक साधारण ३४५ मेगाबाइट होतो, कार्डावर तेवढी जागा आहे का पाहा. पातळी बघताना "एक, दोन, तीन" म्हणायला लावू नका. सकाळी काय खाल्लं ते विचारा, तेव्हा माणूस त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलतो. सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. हसल्यावर किंवा तावातावाने बोलल्यावर तो सहज सहा-आठ डेसिबल वर जातो आणि शून्याला धडकून फाटलेला आवाज परत दुरुस्त होत नाही. मोबाइल विमान मोडवर. बांगड्या, कुरकुरणारी खुर्ची आणि टिकटिक करणारं बॉलपेन तिथून हलवा. तोंड चिकट होऊन चटचट आवाज येतो, त्यावर कोमट पाण्याचे घोट पुरतात. फरसाण आणि दुधाचा चहा मुद्रण झाल्यावर द्या. सगळ्यात शेवटी, कुणी न बोलता, खोलीची ३० सेकंदांची शांतता मुद्रित करा. संकलनात जोड लपवायला तीच लागते.

प्रश्न

अर्ध्या तासाला सात-आठ प्रश्न पुरतात, तीन राखीव ठेवा. पुस्तकामागची प्रेरणा विचारून सुरुवात करू नका. त्या उत्तराचे पाठ प्रत्येक लेखकाजवळ तयार असतात आणि त्यात पहिली तीन मिनिटं, म्हणजे श्रोता थांबायचं की नाही ठरवतो तीच मिनिटं, वाया जातात. एखाद्या वस्तूपासून किंवा प्रसंगापासून सुरू करा. ग्रंथालयाच्या पुस्तकावर बोलायचं असेल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतल्या काचेच्या फरशीपासून. "वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून फरशी काचेची. हे कुणाला सुचलं आणि त्यासाठी राज्याने एवढा खर्च का मान्य केला?" लेखक लगेच गोष्ट सांगायला लागतो, आणि त्या गोष्टीतून अमेरिकेहून आलेले ग्रंथपाल बोर्डन, खेड्यांत पेट्यांतून फिरणारी पुस्तकं, शाळा सोडल्यावर अक्षर विसरू नये म्हणून केलेला खटाटोप, हे सगळं आपोआप येतं.

प्रश्न एका श्वासात संपला पाहिजे. "तुम्ही म्हणता की… पण दुसरीकडे… आणि यातच भर म्हणजे…" अशी प्रस्तावना लांबली की लेखक शेवटच्या तुकड्याचं उत्तर देतो आणि पहिला भाग हवेत राहतो. एका वेळी दोन प्रश्न विचारण्याची सवय सर्वांत जड जाते. मुद्रण ऐकताना स्वतःच्या प्रश्नांतले "आणि" मोजा, दोन महिन्यांत सुधारणा होते. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात चारपर्यंत मोजा. अभ्यासू माणसाचं खरं उत्तर बऱ्याचदा त्या थांबण्यानंतर येतं, आणि जास्तीची शांतता नंतर कापता येते. "हं", "बरोबर", "अगदी" तोंडाने म्हणू नका, मान हलवा. उत्तरावर पडलेला "हं" वेगळ्या ट्रॅकवर असला तरी दुसऱ्या माइकमध्ये झिरपलेला असतो.

इतिहासाचे लेखक सनांची सरबत्ती करतात. ऐकणाऱ्याच्या हातात कागद नसतो. एका उत्तरात दोनच सन टिकतात, बाकीच्यांसाठी मध्येच विचारा: "म्हणजे सयाजीराव गादीवर बसून किती वर्षं झाली होती?" तुलनेने आकडा लक्षात राहतो. लेखक बोलण्याच्या भरात गुजराती शब्द वापरेल, पुस्तकाला "चोपडी" म्हणेल, बोलता बोलता एखादं आख्खं वाक्य गुजरातीत जाईल. त्याला टोकू नका. शब्द अवघड असेल तर पुढच्या प्रश्नात मराठी शब्द सहज पेरा. इथल्या माणसाची मराठी अशीच आहे आणि ती रेडिओवर तशीच ऐकू यायला हवी.

धर्मावर बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा आणि प्रश्न कुठल्या गोष्टीबद्दल आहे ते शब्दांत स्पष्ट करा: ग्रंथात काय आहे, इतिहासात काय दाखवता येतं आणि लोक काय मानतात. बहुतेक भांडणं या तिघांच्या सरमिसळीतून होतात. बडोद्याच्या प्राच्य विद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत छापली. देशभरातली हस्तलिखितं ताडून पाठ ठरवायचा आणि न स्वीकारलेले श्लोक टीपांत आणि परिशिष्टांत द्यायचे, ही तिची पद्धत. आता समजा लेखक रामायणाच्या पाठांवर बोलतोय. पहिला प्रश्न: "लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या ग्रंथात आहे का?" ग्रंथाचा प्रश्न, उत्तर "नाही". दुसरा: "मग ती गोष्ट घराघरांत कुठून पोचली?" हा इतिहासाचा. तिसरा: "ग्रंथात नाही म्हणून ती सांगणाऱ्या आजीचं काही चुकतं का?" हा श्रद्धेचा, आणि त्याचं उत्तर लेखकाने स्वतःचं मत म्हणून द्यायचं. हेच तीन प्रश्न एकात कोंबून "म्हणजे लक्ष्मणरेषा खोटी?" असं विचारलं असतं तर लेखक बचावात गेला असता, श्रोता दुखावला असता आणि हस्तलिखितं कशी ताडतात ही सगळ्यात रंजक गोष्ट राहूनच गेली असती.

जातीचा, पंथाचा उल्लेख येतो तेव्हा त्या समाजाचे लोक स्वतःला जे म्हणवतात तोच शब्द वापरा. आदरार्थी संबोधनं सर्व धर्मांच्या बाबतीत सारखी ठेवा. "संत तुकाराम" म्हणायचं आणि दुसऱ्या धर्माच्या सत्पुरुषाचं नुसतं नाव घ्यायचं, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. वेदोक्ताच्या वादासारखा (वैदिक मंत्रांनी धर्मकृत्यं करवून घेण्याचा अधिकार कुणाला, या वादासारखा) विषय असेल तर लेखकाच्या विरुद्ध बाजूचं म्हणणं तुम्ही स्वतः, त्यांच्या सर्वांत भक्कम रूपात, प्रश्नातून मांडा. कमकुवत रूपात मांडून पाडून टाकणं सोपं असतं, पण त्यातून कुणाला काही शिकायला मिळत नाही. सामुदायिक रेडिओलाही आकाशवाणीची कार्यक्रम संहिता लागू आहे आणि धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला करणारा मजकूर तिला चालत नाही. इतिहासाची चिकित्सा म्हणजे हल्ला नव्हे, मात्र हा फरक बोलण्याच्या सुरातून राखावा लागतो.

संकलन

चाळीस मिनिटांची सत्तावीस करायची. आधी सगळं एकदा सलग ऐका, हातात फक्त घड्याळ. मग कापा: पुनरुक्ती, अर्धवट सोडलेली वाक्यं, तुमचे लांबलेले प्रश्न. श्वास कापू नका, माणूस यंत्रासारखा बोलतोय असं वाटतं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली कधीही सरकवू नका. अर्थ बदलतो, आणि लेखकाचा विश्वास गेला की तो परत येत नाही. सन किंवा नाव चुकलं असेल तर लेखकाला पुन्हा बोलावून तेवढंच वाक्य त्याच माइकवर, त्याच अंतरावरून घ्या. ते शक्य नसेल तर निवेदनात दुरुस्ती सांगा.

सुरुवातीचं निवेदन सगळ्यात शेवटी लिहा, साठ-सत्तर शब्दांत, कारण कार्यक्रमात नेमकं काय उरलंय हे तेव्हाच ठाऊक असतं. रेडिओ मध्येच लावणाऱ्यांसाठी दर आठ-नऊ मिनिटांनी लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव घ्या, पण प्रश्नात गुंफून. आवाजाची सरासरी पातळी प्रसारणासाठी केंद्र सांगेल ती, इंटरनेटवर ठेवायची प्रत साधारण उणे १६ एलयूएफएस (ही सरासरी पातळी मोजायचं एकक). शेवटी पुस्तक कुठे मिळेल ते सांगा, ग्रंथालयासह.

लेखी परवानगी मुद्रणाच्या दिवशीच घ्या: प्रसारण, पुनःप्रसारण, इंटरनेट, तिन्ही वेगळी लिहून. वाचलेल्या उताऱ्याचे हक्क लेखकाने प्रकाशकाला दिलेले असतील तर त्यांचीही. लेखक हयात नसेल तर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे किंवा ज्याला ते दिले त्याच्याकडे असतात. अनुवादाचे हक्क मूळ पुस्तकापेक्षा वेगळे. जुन्या नाट्यगीताची तबकडी मध्ये वाजवायची असेल तर तिच्या मुद्रणाचे हक्क आणखी वेगळे.

सामुदायिक रेडिओला प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. तुम्ही त्याहून पुष्कळ जास्त ठेवा: न कापलेले दोन्ही ट्रॅक, संकलित प्रत, प्रश्नांचा कागद आणि परवानगीपत्राचा फोटो, सगळं एकाच फोल्डरमध्ये, नावात आधी वर्ष, मग महिना, मग लेखकाचं आडनाव. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी. आणि एक प्रत लेखकाला, प्रसारणाच्या आधी नव्हे, नंतर, नाहीतर फोनवरून दुसरं संकलन सुरू होतं.